डोंगराला दिलेला शब्द

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचं कपाट होतं. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शिरलं की समोरच, बाकीच्या मराठी घरांत जिथे गणपती आणि समई असायची तिथे, बाबांचं लोखंडी कपाट उभं होतं. त्यात पुण्याहून आणलेले पिवळ्या, गुलाबी, पोपटी कागदांचे गठ्ठे. तरुणपणी बाबा आणि त्यांचे मित्र ही पत्रकं स्वतः लिहायचे, छापून घ्यायचे आणि जत्रांच्या तोंडाशी उभं राहून वाटायचे. भुताटकी, अंगात येणं, मुहूर्त, बुवाबाजी, नवस. एकेका विषयाला एकेक कागद. इथे आल्यावर रस्त्यात उभं राहून काही वाटायची सोयच नव्हती, त्यामुळे सगळी चळवळ घरात वळली आणि तिला एकच वाचक मिळाली, ती म्हणजे मी. शेजारच्या मुली पऱ्यांच्या गोष्टी वाचत होत्या तेव्हा मी 'ग्रहणाला भिऊ नका' वाचत होते. वाचता येत नव्हतं तेव्हा त्याच कागदांच्या होड्या करायचे, आणि बाबांना तेही चालायचं. "कागद हातात तर आला," म्हणायचे.

बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी तपासायचे. आई दुसऱ्या शहरात, देऱ्यात, एका ट्रेडिंग ऑफिसचे अकाउंट्स बघायची आणि ट्रॅफिक जागा व्हायच्या आत निघायचं म्हणून पहाटेच सगळ्यांचे डबे भरून जायची. घर तिच्या आवाजांनी उठायचं: कुकरची शिट्टी, डब्यांची झाकणं, मागच्या मशिदीतली बांग, आणि या सगळ्याच्या खाली एसीची घरघर, जी थांबली तरच ऐकू यायची. संध्याकाळी ती थकून परत आली की आमची लोकशाही सुरू व्हायची. आमच्याकडे कुठलीही गोष्ट ठरवायची तर जेवणाच्या टेबलावर ठराव मांडायचा, बाजूने बोलायचं, विरोधात बोलायचं, मग हात वर. सुट्टीत कुठे जायचं, सोफा बदलायचा का, मला नाचाच्या क्लासला घालायचं का, सगळं मतदानाने. मला पहिलीत असतानाच मताधिकार मिळाला होता आणि त्याचा मला भयंकर गर्व होता. आई मात्र कायम तटस्थ. "तुमचं दोघांचं चालू द्या, मला फोडणी द्यायचीय." मोठी झाल्यावर मी तिला यावरून टोचायला लागले. तटस्थ राहणारा नेहमी बलवानाच्या बाजूने असतो, असं एका पोपटी पत्रकात होतं, ते मी तिला घडाघडा ऐकवायचे. "हो का?" ती म्हणायची. "मग बलवानांनो, ताटं घ्या."

समोरच्या फ्लॅटमध्ये आते डेलिया राहायची. 'आते' म्हणजे तिच्या भाषेत मोठी ताई. मी जिन्यातून "आतेऽ" अशी हाक मारली की बाबा म्हणायचे, "माझी ही बहीण फिलिपाइन्समध्ये कधी जन्मली?" ती नर्स होती. मी दिवस भरायच्या खूप आधी जन्मले, मुठीएवढी, आणि काचेच्या पेटीत ठेवलेल्या मला ज्या हातांनी सांभाळलं ते तिचे होते. पुढे आम्ही घर शोधत होतो तेव्हा आमच्या समोरचा फ्लॅट रिकामा आहे, हेही तिनेच आईला सांगितलं. आई-बाबा कामावर असताना मी शाळेतून थेट तिच्याकडे जायचे. तिला दोनच मराठी वाक्यं येत होती, "जेवलीस का?" आणि "गप बस", आणि तेवढ्यावर तिने मला वाढवलं. बिल्डिंगच्या मागे, एसींच्या ठिबकणाऱ्या पाण्यावर, वाळूत एक शेवग्याचं झाड आलं होतं. आई त्याच्या पाल्याची भाजी करायची, आते तोच पाला आल्याच्या वासाच्या पातळ चिकन सूपमध्ये घालायची, आणि दोघींना वाटायचं की दुसरीला त्याचा खरा उपयोग कळलेला नाही. शेंगा आल्या की आते त्यांच्याकडे संशयाने बघायची. "हे लाकूड चावून तुम्ही थुंकता?" ती विचारायची. "मग खाता काय?"

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा तिची साठी झाली. साठी झाली की व्हिसा खलास. आयुष्यातली सगळी कर्ती वर्षं या वाळूत घालवलेल्या बाईला एक केक, एक घड्याळ आणि निघायची तारीख मिळते, हे मला तेव्हा संतापजनक वाटलं होतं आणि आजही वाटतं; पण आतेने केक कापला, सगळ्यांना वाटला आणि सामानाचे खोके बांधायला घेतले. निघायच्या आधी एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली. टेबलाशी बसली, पण आईने पुढे केलेला चहा तिने घेतला नाही.

"सर," ती बाबांना तिच्या इंग्रजीत म्हणाली, "माझं एक काम राहिलंय."

काम असं होतं. तिचं गाव बनाहाव नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी, अंगभर दाट जंगल, आणि तिथली माणसं त्याला पवित्र मानतात. त्याच्या गुहा, झरे, दगड, सगळ्यांना नावं आहेत आणि सगळ्यांपुढे मेणबत्त्या. मी पेटीत होते तेव्हा आतेने त्या डोंगराला शब्द दिला होता: ही पोर वाचली तर तिला तुझ्याकडे घेऊन येईन.

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते कधी आवाज चढवत नसत. पत्रकांतही त्यांनी उद्गारचिन्हं वापरली नाहीत. "सिस्टर," ते म्हणाले, "तिला डोंगराने नाही वाचवलं. तुम्ही वाचवलंत. ऑक्सिजन तुम्ही बघत होतात, नळ्या तुम्ही स्वच्छ ठेवल्यात."

"हो सर, मला माहीत आहे," आते म्हणाली. "मी दोन्ही केलं."

यावर बाबांकडे पत्रक नव्हतं. माझ्याकडे मात्र भरपूर होती. नवस म्हणजे भीतीशी केलेला सौदा, हे वाक्य मला तोंडपाठ होतं, आणि ज्या सौद्यात माझं नाव मला न विचारता घातलं तो मी का पाळावा, असं मी टेबलावर हात आपटून विचारलं. रागात मी नेहमी इंग्रजीत जायचे. "आय ॲम नॉट अ गोट, आते!" नवसाला सोडलेला बोकड नाहीये मी.

"नो," ती शांतपणे म्हणाली. "बोकड ऐकतो तरी."

आई हसली. मग तिने हसू आवरलं आणि ओढणीने हात पुसत टेबलाशी आली. बाबांनी सवयीने ठराव मांडला: मुलीने नवस फेडायला जाऊ नये. बाबांचा हात वर. माझा हात वर. आई तटस्थ, हे गृहीतच. "दोन विरुद्ध शून्य," बाबा म्हणाले.

"दोन विरुद्ध एक," आई म्हणाली. तिचा हात वर होता. बोटांना हळद लागलेली. "ती जाणार आहे. तिकीट मी काढते."

"अगं, पण ठराव पास झाला ना."

"होऊ दे झाला तर. ती जाणार आहे."

आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. बाबा भांडले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जा. डोंगर बघ, जंगल बघ. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, दगड ओळखीचा वाटेल. फक्त कुठे डोकं टेकवू नकोस. तेवढं मला सांग." मी सांगितलं. त्या वयात मला शब्द द्यायला फार आवडायचं.

डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि आते गेलो. मनिलाहून बसने दक्षिणेला, मग एका जीपमध्ये गुडघ्याला गुडघे लावून, आणि शेवटी तिच्या भावाच्या घरी, जिथे दर दोन घरांमागे एक शेवगा उभा होता आणि कुणीही त्याला एसीचं पाणी घालत नव्हतं. डोंगर पहिल्या दिवशी दिसलाच नाही. तिथे एक भलामोठा ढग होता आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवून "बनाहाव" म्हणत होते. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, न दिसणाऱ्या गोष्टीवरच विश्वास ठेवायचा असतो. दुसऱ्या सकाळी ढग बाजूला झाला आणि मी ओसरीवर दात घासत असताना तो एकदम समोर आला, इतका जवळ आणि इतका हिरवा की मी तोंडातला फेस गिळला. मी वाळूत वाढलेली मुलगी. माझ्या लेखी हिरवं म्हणजे रस्त्याच्या दुभाजकावर नळ्या टाकून जगवलेलं काहीतरी. इथे हिरव्याला कुणी सांभाळत नव्हतं, उलट तेच सगळ्याला सांभाळून होतं.

जंगलात शिरल्यावर आधी वास आला, ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा आणि कुठून तरी मेणाचा. माणसापेक्षा उंच नेचे होते, झाडांच्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर दुसरी रोपं, त्या रोपांवर तिसरी. पायाखालचा दगड काळा आणि छिद्राछिद्रांचा. बाबांचं खरं होतं, तो ओळखीचा वाटला. आते छत्री टेकत पुढे चालत होती. तिचा एक गुडघा दुखरा होता. ती दर थोड्या वेळाने वळून "जेवलीस का?" विचारायची, म्हणजे 'ठीक आहेस ना'. एका जळवेने माझी पोटरी धरली तेव्हा मी किंचाळले आणि आतेने दुसरं वाक्य वापरलं.

मी टीका करायच्या तयारीनेच गेले होते आणि टीकेला जागा पुष्कळ होती. झऱ्यापाशी बाटल्यांतून पाणी विकणारे होते, ताईत विकणारे होते. पण शिखराची वाट बंद होती. यात्रेकरूंनी इतका कचरा केला होता की डोंगराला वरचा भाग सावरायला वेळ द्यावा म्हणून चढाईला बंदी घातली होती, आणि त्याला पवित्र मानणारी माणसं ती बंदी पाळत खालच्याखाली थांबत होती. पायथ्याच्या एका देवळात पूजा चालवत होत्या त्या सगळ्या बायका, पायघोळ पांढऱ्या कपड्यांतल्या. पुरुष बाकांवर बसून ऐकत होते. बाबांच्या कपाटातल्या एकाही कागदात हे नव्हतं. मी ते मनाशी टिपून ठेवलं आणि त्याबद्दल आतेला काही बोलले नाही, कारण ती माझ्याकडे बघत होती.

तिचा शब्द जिथे पुरा व्हायचा ती जागा म्हणजे एक गुहा. तिला तिथे न्यायालय म्हणतात. एका फटीतून आत शिरायचं, पोटावर सरकत जायचं आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर यायचं. ज्याच्या मनात काही दडलेलं असतं तो मध्ये अडकतो, असं मानतात. तोंडाशी पांढऱ्या कपड्यांतली एक म्हातारी बसली होती. ती प्रत्येकाला हातवारे करून सांगत होती: उजवा हात आधी, श्वास सोड, घाई करू नकोस.

"मी बाहेर थांबते," मी म्हणाले. "तुझ्याबरोबर इथपर्यंत आले. तू म्हणाली होतीस, डोंगराकडे आणीन. आणलंस. झालं."

आतेने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती विनवेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, "ओके." छत्री माझ्या हातात दिली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि त्या फटीत शिरली. तिची पावलं आत गेलेली मला दिसली, दुखऱ्या गुडघ्याचं पाऊल जरा मागे.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. दुसऱ्या तोंडाशी उभे असलेले लोक आत वाकून बघायला लागले. म्हातारीने आत हाक मारली, आतून उत्तर आलं, बारीक. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका बाईने मला इंग्रजीत सांगितलं, "अडकल्या. सांगायचं राहिलंय काहीतरी." आजूबाजूला सगळ्यांनी मेणबत्त्या धरल्या आणि पुटपुटायला सुरुवात केली. म्हातारी आत बघून शांतपणे एकच वाक्य परत परत म्हणत होती, आणि ते मला कळण्यासाठी कुणी भाषांतर करायची गरज नव्हती: बोल बाई, बोलून टाक.

मला इतका राग आला की मी छत्री फेकली. साठ वर्षांची बाई अंधारात अडकली आहे, तिचा गुडघा दुखतोय, आणि हे तिला गुन्हा कबूल करायला सांगतायत! मी खाली बसले, उजवा हात पुढे घातला आणि आत शिरले. आत जागाच नव्हती. मान वर केली की डोक्याला दगड, म्हणून कपाळ खालच्या दगडाला लावूनच पुढे सरकावं लागत होतं. दगड गार आणि ओला. मला वाटलं होतं त्यापेक्षा मला जास्त भीती वाटली. शेवटी माझ्या हाताला तिची चप्पल लागली.

"आते, मी आहे."

"जेवलीस का?" ती म्हणाली.

मी तिच्या पायांवरून हात वर नेत चाचपलं. तिने पासपोर्टसाठी कमरेला पाऊच बांधला होता. त्याचा पट्टा दगडाच्या एका बोंडाला अडकला होता आणि ती जितकी पुढे रेटत होती तितका तो आवळत होता. एवढंच. मला विजयाने ओरडावंसं वाटलं. "आते, पट्टा आहे! पाप-बिप काही नाही, पट्टा अडकलाय. थांब, सोडवते."

"नको," ती म्हणाली. "आधी मला बोलू दे. मग सोडव."

"पट्टा आहे, आते!"

"कळलं मला. गप बस."

आणि त्या अंधारात, माझं कपाळ दगडावर आणि माझा हात त्या पट्ट्यावर असताना, तिने सांगितलं. शब्द तिचा नव्हता. मी पेटीत होते तेव्हा एका दुपारी बाबा डॉक्टरांशी बोलायला गेले. आई व्हीलचेअरवर काचेपाशी बसली होती, टाक्यांवर हात धरून. तिने आतेला खूण करून जवळ बोलावलं आणि वॉर्डात ऐकून आतेला कळायची तसल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "सिस्टर, तुम्हारे यहाँ कुछ मानते हैं क्या? हमारे घर में मना है." आते म्हणाली, एक डोंगर आहे. आई म्हणाली, "मेरी तरफ से बोल दो. किसी को बताना मत."

"मग मी बोलले," आते म्हणाली. "आणि सर मला थँक यू म्हणायचे, की तुम्ही सायन्सने वाचवलंत, आणि मी गप. मॅडम पण गप. आम्ही दोघी भाजीवर भांडायचो. एवढी वर्षं मी तिचा शब्द माझा म्हणून सांगितला. आता सोडव."

मी पट्टा सोडवला. ती पुढे सरकली आणि मी तिच्यामागे. मागे वळायला तिथे जागा नव्हती.

हे लिहिताना मी त्या काचेपाशी बसलेल्या आईच्या वयाची आहे. मी आजही नवस मानत नाही. नवसाच्या नावाने होणाऱ्या लुटीविरुद्ध मी लिहिते आणि लिहीत राहीन. पण ज्या घरात सगळ्यांना हात वर करायचा हक्क होता त्या घरातल्या एका बाईला घाबरायला परक्या बाईच्या कानापाशी जावं लागलं, हे मी कुठल्या रंगाच्या कागदावर लिहू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाहेर आल्यावर आतेने माझ्या कपाळावरचा चिखल तिच्या बाहीने पुसला. खाली झऱ्यावर तिने आईसाठी एक बाटली भरून घेतली आणि मी तिला अडवलं नाही. निरोप घेताना ती तिसरं मराठी वाक्य बोलली, जे तिला येतं हे मला माहीतच नव्हतं. "येते हं," ती म्हणाली, जात मी होते तरी.

विमानतळावर आई एकटीच घ्यायला आली होती. "सिस्टरचा गुडघा कसा आहे?" एवढंच तिने विचारलं. मी म्हणाले, बरा आहे. बाटली मी पिशवीतून काढून तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे धरून पाहिली, पर्समध्ये ठेवली आणि गाडी सुरू केली.

जेवायला शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. डिसेंबर, म्हणून एसी बंद. घरातलं सगळं ऐकू येत होतं. बाबांनी अहवाल मागितला. मी नेच्यांबद्दल सांगितलं, बंद केलेल्या शिखराबद्दल, पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांबद्दल. बाबांचे डोळे चमकले. "हे लिहून काढ," ते म्हणाले. "आणि डोकं? टेकवलंस?"

"टेकवलं," मी म्हणाले.

बाबांचा घास हातातच राहिला. "का?"

उत्तरं खूप होती. छत खाली होतं, खरं. पट्टा अडकला होता, तेही खरं. मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की आई टेबलाशी वाढायला उभी आहे, हातात पळी, नेहमीसारखी.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"शब्द मी दिला होता. सिस्टरने नाही. तू डॉक्टरांकडे गेला होतास तेव्हा." तिचा आवाज अगदी साधा होता, जसा ती उद्या लवकर निघायचंय हे सांगताना असायचा. "मला वाटत होतं ही जाणार. मला काहीतरी करायचं होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं."

"एवढी वर्षं," बाबा म्हणाले. "मला का नाही सांगितलंस?"

"तू मला पत्रक वाचायला दिलं असतंस."

बाबांनी कपाटाकडे पाहिलं. त्यांना वाद घालता यायचा, ते आयुष्यभर तेच करत आले होते, आणि मी वाट बघत होते.

"दिलं असतं," ते म्हणाले.

मग ते उठले, तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. आई बसली. बाबांनी तिला वाढलं, खूप शेंगा आणि थोडी आमटी, थोडी टेबलक्लॉथवर. आईने एक शेंग उचलली, चावली, आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवताना तिला आतेचं 'हे लाकूड' आठवलं असावं, कारण ती हसायला लागली आणि मग तिला बराच वेळ थांबता येईना.